हिंगाच्या डब्या आणि दोन धीट माशा

मॅडमच्या खोलीचं दार उघडलं की आधी हिंगाचा वास यायचा आणि मग मॅडम दिसायच्या. कधीकधी नुसता वासच यायचा, कारण मॅडम टेबलाखाली बसून मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघत असायच्या. मी रुजू व्हायला गेले त्या दिवशीही तसंच झालं. नवा ड्रेस, हातात नेमणुकीचं पत्र, कपाळाला आईने लावलेला अंगारा, आणि टेबलाखालून आवाज आला, "पाय उचल, रांग तुटून राह्यली." मी पाय उचलला आणि तशीच एका पायावर उभी राहिले. पाचेक मिनिटांनी मॅडम बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या की सांगितल्याशिवाय पाय खाली ठेवत नाही ती मुलगी निरीक्षणाला बरी पडेल. माझी मुलाखत झाली ती एवढीच.

आमचं केंद्र चिखलीहून मेहकरकडे जाताना रस्त्याच्या कडेला होतं. शेतकऱ्यांना नवं काही शिकवायचं, शेतात करून दाखवायचं, असं त्याचं काम. मी तिथे कंत्राटी सहायक. मॅडमच्या दारावर पाटी होती, "विषय विशेषज्ञ (गृहविज्ञान)". ती वाचून मी मनातल्या मनात नाक मुरडलं. शेतीची पदवी घेऊन चार वर्षं चिखल तुडवायचा आणि शेवटी पापड लाटायला यायचं, असं माझ्या नशिबात आहे की काय, असं वाटलं. मॅडम कीटकशास्त्रातल्या डॉक्टर आहेत, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही शिपायाकडून.

हे कसं झालं ते मॅडम स्वतः सांगायच्या, आणि दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं सांगायच्या. मुलाखतीला सात पुरुष आणि त्या एकट्या. समितीने विचारलं, शेतात फिरावं लागेल, जमेल का. त्या म्हणाल्या, जमेल. समितीने विचारलं, लग्न झाल्यावर. त्या म्हणाल्या, कीटकांचं त्याला काही म्हणणं नाही. समिती हसली, त्यांना निवडलं, आणि कीटकशास्त्राची जागा एका पुरुषाला देऊन त्यांना गृहविज्ञानाच्या रिकाम्या जागेवर बसवलं. बाईमाणसाला सोयीचं पडेल म्हणून. तात्पुरतं आहे असं सांगितलं होतं. ते तात्पुरतं त्यांच्या निवृत्तीपर्यंत टिकलं.

मॅडम मूळच्या शेगावच्या. वडिलांचं पेढ्यांचं दुकान. लहानपणी त्यांना गल्ल्याशेजारी बसवून हातात पुठ्ठा दिलेला असायचा, पेढ्यांवरच्या माशा हाकलायला. काही दिवसांनी वडिलांच्या लक्षात आलं की पोरगी माशा हाकलत नाही, मोजते. गिऱ्हाईकासमोर मोजू नको, दुकानात माशा आहेत हे लोकांना कळतं, असं त्यांनी समजावून पाहिलं. मग मॅडम मनात मोजायला लागल्या. शेतकी कॉलेजला जायचं म्हटल्यावर घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. शेवटी वडील म्हणाले, जाऊ द्या, निदान दुकानातल्या माशा तरी कमी होतील.

लग्न झालं नाही. एकदा मलकापूरचं स्थळ आलं होतं, कापसाचे व्यापारी. मुलगा समोर येऊन बसला आणि त्याच्या कॉलरवर मॅडमना लाल ढेकण्या दिसला, कपाशीवर असतो तो किडा. आता अशा वेळी एखादी मुलगी खाली मान घालून बसली असती. मॅडम उठल्या, चिमटीने तो किडा अलगद उचलला, डबीत घातला, आणि मुलाला थँक्यू म्हणाल्या. पत्रिका जुळत नाही असा निरोप दुसऱ्या दिवशी आला. तो ढेकण्या टाचणीला टोचून त्यांच्या पेटीत अजून आहे. "पोरगा गेला, ढेकण्या राह्यला," असं त्या म्हणायच्या आणि खरोखरच समाधानाने हसायच्या. मी त्या हसण्याखाली काही दिसतं का म्हणून बरेचदा निरखून पाहिलं. मला तरी काही दिसलं नाही.

आता हिंगाचं सांगते. गृहविज्ञान म्हटल्यावर बचत गटाच्या बायकांना लोणची, पापड, मसाले शिकवणं आलं. मॅडमना लोणचं येत नव्हतं. त्यांच्या एका बरणीला बुरशी आली, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की बरणी टाकून न देता त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या बायकांना दाखवली. त्यानंतर लोणचं बायकांनीच मॅडमना शिकवायचं आणि मॅडमनी बायकांना किडे शिकवायचे, असा आपोआप करार झाला. फोटोत बायका आणि बरण्या दिसत असल्यामुळे आमच्या केंद्रप्रमुख सरांची काही तक्रार नव्हती. या लोणच्यांपायी हिंगाच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्या ढिगाने उरायच्या. मॅडम त्या धुऊन, उन्हात वाळवून ठेवायच्या आणि त्यात किडे, माती, बी, पराग, काय वाट्टेल ते भरायच्या. कितीही धुतल्या तरी वास जायचा नाही. काळीपिवळीत मॅडम बसल्या की शेजारचा प्रवासी हमखास विचारायचा, ताई, वरण कुठे न्यायचं आहे.

त्यांचं एक वाक्य होतं, ते मला दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे. मी वहीत लिहिताना म्हणायची, मॅडम, आज माशा जास्त वाटतात. त्यावर त्या म्हणायच्या, "दिसलं ते लिहायचं. वाटलं ते घरी न्यायचं." माझ्या चिखलीच्या घरी अशा वाटलेल्या गोष्टींचा बराच साठा झाला होता. माझं दुसरं मोठं काम म्हणजे त्यांचा वाचायचा चष्मा शोधणं. तो खरोखर हरवलेला असायचा. खताच्या पोत्यावर, बांधावर, एकदा तर शेळीपालनाच्या शेडमध्ये सापडला.

हिवरा आश्रमाच्या पलीकडे काही गावं कांद्याचं बी घेतात. कांदा लावायचा, त्याला दांडा येऊ द्यायचा, दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो, आणि गोंड्यात बी भरतं. निदान भरायला पाहिजे. तिथल्या गटाच्या म्होरक्या कांताकाकू. स्वतःचा थोडासा तुकडा, बाकी मजुरी, आवाज असा की दोन शेतांपलीकडून बोलवायलाही फोनची गरज नाही. कैरीच्या लोणच्याचा वर्ग चालू असताना त्या मध्येच म्हणाल्या, "मॅडम, लोनच्याचं जाऊ द्या. आमच्या गोंड्यात बी काऊन भरून नाही राह्यलं, थे सांगा." मॅडमनी हातातली कैरी खाली ठेवली. ती कैरी पुढे कुणी चिरली ते मला आठवत नाही, मॅडमनी तर नाहीच.

मधमाशी आल्याशिवाय कांद्याच्या फुलात बी भरत नाही. त्यातून कांद्याच्या फुलाचा रस माशीला फारसा आवडत नाही, दुसरं काही मिळालं तर ती तिकडे जाते. आणि आपले लोक फुलकिड्यांसाठी ऐन फुलोऱ्यात, तेही सकाळी, ज्या वेळी माशी यायची त्याच वेळी औषध फवारतात. मॅडमचं म्हणणं असं की फुलोऱ्यात सकाळची फवारणी बंद करा, बी भरेल. म्हणणं सोपं होतं. पण म्हणणं म्हणजे शिफारस नव्हे. विद्यापीठाच्या समितीपुढे आकडे ठेवायचे, समितीने मान्य करायचं, मग ते छापून येतं आणि मगच शेतकरी ऐकतो. मॅडमच्या नावावर अशी एकही शिफारस नव्हती. लोणच्याची असते का कधी?

मोजायला माणसं हवीत, आणि गृहविज्ञानाला मोजणीची माणसं कोण देणार. मॅडमनी गटाच्या बायकांनाच शिकवलं. फवारलेल्या शेतात आणि न फवारलेल्या शेतात गोंड्यांना दोरे बांधले. एका गोंड्यासमोर एक बाई दहा मिनिटं बसायची. लिहायचं नाही, कारण लिहायला मान खाली घातली की माशी येऊन गेलेली असते. पदराच्या गाठीत तुरीचे दाणे, हातात हिंगाची डबी. माशी बसली की एक दाणा डबीत, नजर फुलावरच. दहा मिनिटं झाली की मी शिट्टी वाजवायची आणि डब्या गोळा करून दाणे मोजून वहीत लिहायचे. काय सांगू, असं सुंदर काम मी पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलं नाही. पंधरा बायका पांढऱ्या फुलांसमोर गप्प बसलेल्या. कांताकाकूसुद्धा गप्प, हे गावात कुणाला खरं वाटत नसे.

आकडे आले. न फवारलेल्या शेतात डब्यांत आठ, दहा, कधी बारा दाणे. फवारलेल्या शेतात दोन. अगदी औषध मारल्याच्या दिवशीसुद्धा दोन. पहिल्या वर्षी मॅडम हा आकडा घेऊन समितीपुढे गेल्या, तेव्हा एका सदस्याने विचारलं की औषधाने बाकीच्या सगळ्या माशा पळतात आणि दोनच कशा पळत नाहीत. या दोघींना मास्क दिले आहेत का, असंही विचारलं. सगळे हसले. दुसरे एक म्हणाले, मोजणी शेतमजूर बायकांनी केली आहे, नाही का. यावर कुणी हसलं नाही, पण मान सगळ्यांनी हलवली. शिफारस पुढे ढकलली.

दुसरा कोणी असता तर बायकांवर चिडला असता. मॅडम त्या दोन माशांच्या मागे लागल्या. औषधाला न भिणारी एखादी जात असेल तर तो मोठाच शोध होता. पुढच्या फुलोऱ्यात त्या स्वतः फवारलेल्या शेतात जाऊन बसल्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तासभर. एकही माशी येईना. शेजारच्या गोंड्यावर कांताकाकूंच्या डबीत मात्र दोन. मॅडमनी निष्कर्ष काढला की माशी आपल्याला भिते. आधी त्यांनी साबण सोडला. मग डोक्याचं तेल सोडलं. मग पांढऱ्या साडीऐवजी हिरवी नेसल्या. आठ दिवसांनी तर डोक्यावर कांद्याची पात बांधून बसल्या, आणि रस्त्याने जाणाऱ्या एसटीतले लोक खिडकीतून फोटो काढायला लागले. तो फोटो सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरला. केंद्रप्रमुख सरांनी मला बोलावून विचारलं, मॅडमची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, बरी आहे, फक्त साबण बंद आहे.

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. निवृत्ती सव्वा वर्षावर आलेली बाई, अंगावर हिंगाचा वास, डोक्यावर पात, आणि दोन माशांसाठी स्वतःवर संशय घेत बसलेली. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही स्वतःचीच चूक का शोधता. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याची शोधाले सोपी असते, म्हणून."

तरीही त्या वर्षी थोडं जमलं. समितीचे नवे अध्यक्ष आले होते. ते म्हणाले, दोन तर दोन, फरक दिसतोच आहे. "फुलोऱ्यात सकाळी शक्यतो फवारणी टाळावी" असं मोघम का होईना, मान्य करू. बैठकीची तारीख आली. मॅडमनी मला ते पत्र तीनदा दाखवलं, तिन्ही वेळा पहिल्यांदाच दाखवत असल्यासारखं. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं, बुरशीच्या दिवशीसुद्धा नाही.

बैठकीला आठ दिवस होते तेव्हा आम्ही कांताकाकूंकडे पेढे द्यायला गेलो, शेगावच्या दुकानातले. पेढे स्टीलच्या डब्यात होते. काकूंनी पेढे परातीत काढून घेतले, डबा पुसला, आणि त्यात मूठभर शेंगदाणे घालून मॅडमच्या हातात दिला. मॅडम म्हणाल्या, हे कशाला.

"अवं माय, रिकामं भांडं कोनी वापस देते काय?" काकू म्हणाल्या. हे तर कुठल्याही घरात म्हणतात. माझी आईसुद्धा शेजारच्या वाटीत चिमूटभर साखर घातल्याशिवाय वाटी परत करत नाही. मी पेढ्याचा दुसरा तुकडा तोंडात टाकला. पण मॅडम डबा हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि मोजणीच्या डब्या?

"थ्या बी कधी रिकाम्या नाही देल्या आमी," काकू अभिमानाने म्हणाल्या. "माशी नाही आली तं दोन दाने टाकतो ना. जोडीनं द्याव."

मी म्हटलं, काकू, पण ते दाणे आम्ही मोजतो. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढं शिकून काय उपयोग झाला. देण्याघेण्याचे दोन दाणे वेगळे असतात, ते मोजायचे नसतात, हे लहान पोरालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते एकट्या त्यांचं नव्हतं. पंधराच्या पंधरा बायकांनी दोन वर्षं हेच केलं होतं, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं एकीलाही वाटलं नव्हतं. त्या दोन धीट माशा कधी नव्हत्याच.

परतताना काळीपिवळीत मॅडम खिडकीशी बसल्या. मांडीवर शेंगदाण्यांचा डबा. मला वाटलं, रडतील. मीच रडकुंडीला आले होते. चिखली जवळ आल्यावर मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, मॅडम, सोपं आहे. जिथे दोन आहे तिथे शून्य लिहू. उलट निकाल अजून चांगला येईल, आणि खराही तोच आहे.

मॅडमनी मान हलवली. "कुठं खरंच दोन आल्या असतीन, तं त्या दोघीले काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला पत्र लिहिलं की आकड्यांत चूक आढळली आहे, प्रस्ताव मागे घेते. चूक कुणाची ते लिहिलं नाही. केंद्रप्रमुख सर खरोखर कळवळले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, मॅडम, तुमचं एकच वर्ष उरलं, होऊन जाऊ द्या, कोणाला कळणार आहे. मॅडम म्हणाल्या, "मले कळलं ना." आणि टेबलाखाली गेल्या. त्या दिवशी तिथे मुंग्या नव्हत्या. मी पाहिलं होतं.

बायकांना सांगायला आम्ही गेलो तेव्हा मला धास्ती होती की मॅडम ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. अंगणात सगळ्यांना बसवून त्यांनी झालं ते सांगितलं, आणि विचारलं की आता काय करावं. बायकांची तोंडं उतरली. दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला. कांताकाकू म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तर रिकामी देऊ. पण ते म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता, आणि मॅडमनी तो ऐकला. मन मारून दिलेली डबी खरी कशी असेल, असं त्या नंतर मला म्हणाल्या. तेवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी आजी, मोजणीलाही न येणारी, नुसती पान चघळत बसलेली, ती म्हणाली, त्यात आधीच काही टाकून का देत नाही. म्हणजे डबी रिकामी होणारच नाही.

मॅडम उठून त्या आजीच्या पाया पडल्या. आजी इतकी घाबरली की पान गिळून बसली.

शेवटच्या फुलोऱ्यात प्रत्येक डबीत आधीच एक अख्खी सुपारी होती. सुपारी मोजायची नाही, दाणे मोजायचे. रिकामं भांडं परत द्यायचा प्रश्नच मिटला. मॅडमचा साबणही परत सुरू झाला, याचा आनंद मला वेगळा. मात्र फुलोरा थोड्या दिवसांचा असतो, त्यातच दोन दिवस आभाळ राहिलं आणि माशा कुठल्याच शेतात फिरकल्या नाहीत. मे अखेर मॅडमची निवृत्ती. मी कॅलेंडरकडे बघून बघून नखं खाल्ली. मॅडम बांधावर बसून शेंगदाणे खात होत्या.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. फवारलेल्या शेतात मी शिट्टी वाजवली. कांताकाकू उठल्या, डबी कानाशी नेऊन हलवली, पुन्हा हलवली. मग चालत मॅडमपर्यंत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, कुणाच्या घरी वाईट बातमी सांगायला निघाल्या आहेत. डबी त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

"मॅडम, सुपारीच हाये. एकबी नाही आली."

मॅडमनी झाकण उघडलं. आत सुपारी. मागून दुसरी बाई आली, तिच्या डबीत सुपारी. तिसरी, चौथी. मॅडम बांधावर बसल्या, डब्या मांडीत घेतल्या, आणि कांताकाकूंचा हात धरून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काकूंना काही कळेना. त्या म्हणाल्या, नाही आल्या म्हणून रडून राह्यल्या का. मी वहीत शून्य लिहिलं. मग शून्य, शून्य, शून्य. एवढ्या आनंदाने शून्य लिहिणारी मी एकटीच असेन. पलीकडच्या न फवारलेल्या शेतातून अकरा आणि नऊ आले.

समितीपुढे मॅडम निवृत्तीच्या तीन आठवडे आधी उभ्या राहिल्या. मी पडद्यावरचे तक्ते पुढे सरकवत होते आणि घाईत एक तक्ता दोनदा आला. कामाच्या पद्धतीत लिहिलं होतं, "प्रत्येक डबीत एक सुपारी ठेवावी." त्याच जुन्या सदस्याने, मास्कवाल्या, चष्म्यावरून बघत विचारलं, सुपारी कशासाठी. मॅडमनी सगळं सांगितलं. दोन दाणे, दोन वर्षं, डोक्यावरची पातसुद्धा. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. सभागृहात कुणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले की त्यांच्या घरूनही भांडं कधी रिकामं गेलेलं नाही, आणि शून्य हाही आकडाच असतो हे त्यांना आज कळलं. शिफारस मान्य झाली. "शक्यतो" हा शब्द काढून टाकला.

मेअखेर मॅडम शेगावला गेल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला तो स्टीलचा डबा दिला, कांताकाकूंनी घातलेलं लोणचं भरून. स्वतः घातलेलं दिलं नाही, हा त्यांचा माझ्यावरचा लोभ.

शिफारशीची घडीपत्रिका छापून यायला दिवाळी उजाडली. मी मधल्या काळात तो डबा घासून ठेवला होता. पत्रिकेची घडी बरोबर त्यात बसली. शेगावला दुकानावर आता त्यांचा पुतण्या बसतो, मॅडम वरच्या माळ्यावर राहतात. खिडकीत वाटीभर साखरपाणी, भोवती मुंग्या, शेजारी वही. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हलवून पाहिला. आत काहीतरी सरकलं.

"रिकामा नाही ना आणला?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, उघडा. त्यांनी पत्रिका बाहेर काढली, मांडीवर सरळ केली. वर कांद्याच्या गोंड्याचा फोटो. खाली पंधरा बायकांची नावं, निरीक्षक म्हणून, कांताकाकूंचं पहिलं. ती सगळी त्यांनी बोट ठेवून वाचली, मोजली, पंधरा भरली तेव्हा मान हलवली. सगळ्यात खाली त्यांचं स्वतःचं नाव होतं. तिथे बोट थांबलं. मग त्यांनी पत्रिका माझ्याकडे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नावाखालची ओळ वाच बरं. मले चष्मा सापडून नाही राह्यला."

मी वाचलं, "कीटकशास्त्रज्ञ."

त्या म्हणाल्या, ऐकू नाही आलं, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं, मोठ्याने.

दिसलं ते लिहायचं, असं त्यांनीच शिकवलं आहे, म्हणून लिहिते. चष्मा त्यांच्या नाकावरच होता, आणि ती ओळ मी तिसऱ्यांदाही वाचली.